मातृभाषा : खालीलपैकी एक निवडा

लेकीच्या शाळेत पालकसभेला एक छापील अर्ज हातात पडला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहायला बसले. थंडी, बर्फ, उणे पंचवीस, हिंग कुठे मिळतो, हे सगळं मागे लिहून झालंय. तुमच्यापैकी कित्येकांची पोरं इथे रशियात, काझानला, मेडिकलला आहेत, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आजचा विषय वेगळा आहे आणि जरा लांबणार आहे.

अर्ज अर्ध्या पानाचा. वर उजव्या कोपऱ्यात मुख्याध्यापकांचा हुद्दा, त्याखाली पालकाचं नाव-पत्ता. मग मजकूर असा की, माझ्या पाल्याला 'मातृभाषा' या विषयात खाली खूण केलेली भाषा शिकवावी आणि हा निर्णय मी स्वेच्छेने घेतला आहे. खाली दोन चौकटी. एक रशियन, दुसरी तातार, म्हणजे इथल्या तातार लोकांची भाषा. खूण करायची, सही ठोकायची, तारीख घालायची. पेन एकच होतं, ते बाकावरून बाकावर फिरत होतं. पेन माझ्याकडे येईपर्यंत मी पुढच्या सात-आठ अर्जांवर डोकावून घेतलं. खुणा सगळ्या एकाच चौकटीत.

बाईंना म्हटलं, आमची भाषा तर यात नाहीच. त्या हसल्या. "यात फक्त रशियातल्या लोकांच्या भाषा येतात. तुम्ही रशियन लिहा ना, बहुतेक सगळे तेच लिहितात." बाई स्वतः तातार आहेत.

तर मी, टिळकवाडीत वाढलेली, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरातली बेळगावची मुलगी, सही करून लिहून दिलं की माझ्या लेकीची मातृभाषा रशियन. आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. आम्ही इथे जन्म काढायला आलेलो नाही. नवऱ्याचं काम संपलं की परत. तिचं गणित रशियनमध्ये, परिसर अभ्यास रशियनमध्ये, मैत्रिणींशी भांडणं रशियनमध्ये. आठवड्याला दोन तास रशियन जादा मिळालं तर बरंच की. मराठी घरात आहे, आणि रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आहे. हे सगळं मी नवऱ्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, "अगं, मी कुठे काय म्हणतोय?"

इथे आधी असं नव्हतं. काझान ही तातारस्तानची राजधानी, आणि तातारस्तान हे रशियन संघराज्यातलं प्रजासत्ताक. राज्यभाषा दोन, रशियन आणि तातार. साधारण २०१७ पर्यंत इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला, मग ते तातार असो की रशियन, तातार शिकावीच लागायची, आठवड्याला पाच-सहा तास. जुलै २०१७ मध्ये पुतीन यांनी शेजारच्या मारी एल प्रजासत्ताकाच्या राजधानीत, योश्कार-ओलात, एका बैठकीत सांगितलं की जी भाषा एखाद्याची मातृभाषा नाही ती शिकायला त्याला भाग पाडणं चालणार नाही. एवढं पुरलं. शरद ऋतूत सरकारी वकिलांची माणसं शाळाशाळांतून वेळापत्रकं तपासत फिरू लागली. २९ नोव्हेंबरला इथल्या विधिमंडळाने मान तुकवली : तातार जास्तीत जास्त दोन तास, तेही पालकांनी लेखी मागितलं तरच. पुढच्या वर्षी देशभरासाठी कायदाच आला. आणि त्यात एक बारीक सोय अशी की 'मातृभाषा' म्हणून रशियनसुद्धा निवडता येते. म्हणजे रशियनचे नेहमीचे तास आहेतच, वर मातृभाषेचेही तिलाच.

आता तुम्ही म्हणाल, सक्ती काढली, चांगलंच केलं की. मीही आधी तेच म्हणाले होते, कारण सक्तीची दुसरी बाजू मला पाठ आहे. आमच्या सोसायटीच्या अंगणात घसरगुंडीजवळ एक रशियन आई भेटते. तिने शाळेत अकरा वर्षं तातार घेतली आणि आज तिला दुकानात पाव मागता येत नाही. व्याकरणाची कोष्टकं, पाठ करायच्या कविता, आणि तातार मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक तिच्यासारखीच्या पुढ्यात. वर तिच्या रशियनच्या तासांवर कात्री. "आम्ही इथे परके आहोत का?" हे ती बोलली तेव्हा मला एकदम आमच्या वर्गात कन्नडच्या तासाला मागच्या बाकावर बसलेले आम्ही दिसलो. मराठी शाळा, मराठी गाव, आणि सक्तीची कन्नड. पास झालो, शब्द बोललो नाही, उलट न बोलण्यातच शौर्य वाटायचं. (पुढे हुबळीला नोकरी लागली तेव्हा तीच मागच्या बाकावरची कन्नड कामी आली, पण ते माझ्या वडिलांना सांगू नका.)

म्हणजे बघा माझी पंचाईत. हिशेबाने मी त्या रशियन आईच्या बाजूची असायला हवी. राज्याची भाषा वेगळी, आपली वेगळी, आणि ती आपल्यावर लादलेली. पण तिची भाषा मॉस्कोची आहे. तिच्या पाठीशी अख्खा देश, अख्खा टीव्ही आणि दहावी-बारावीनंतरची प्रत्येक परीक्षा उभी आहे. २००९ पासून इथली शालान्त एकत्रित परीक्षा, जिच्या गुणांवर विद्यापीठात प्रवेश मिळतो, ती फक्त रशियनमध्ये होते. तातार माध्यमातून अकरा वर्षं शिकलेल्या मुलानेही भौतिकशास्त्र शेवटी रशियनमध्येच लिहायचं. हे माहीत असताना कुठली आई तातारच्या चौकटीत खूण करेल? आमच्या बाई म्हणतात तसं, "सगळे तेच लिहितात." स्वेच्छेने.

या 'स्वेच्छे'नेच मी चिडले. कारण काझानचा इतिहास थोडा वाचला आणि लक्षात आलं की इथे लोकांपुढे दोन चौकटींचा कागद ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे.

थोडक्यात सांगते. काझान ही तातार खानांची राजधानी. ऑक्टोबर १५५२ मध्ये, म्हणजे तालिकोटच्या लढाईच्या सुमारे बारा वर्षं आधी, इव्हान चौथ्याने, तोच तो 'भयंकर' इव्हान, वेढा घालून तटाखाली सुरुंग लावून ते घेतलं. मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीबेरंगी घुमटांचं चर्च, ज्याच्यापुढे उभं राहून आपण सगळे फोटो काढतो, ते याच विजयाच्या आनंदात बांधलंय. मी पण काढलाय, स्टेटसलाही ठेवला होता. इथे राहायला येईपर्यंत ते कशाबद्दल आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. काझान पडल्यावर तातारांना तटाच्या आत राहायला बंदी झाली. त्यांनी काबान तळ्याच्या काठी वस्ती केली. तीच आजची जुनी तातार वस्ती. लाकडी नक्षीची रंगीत घरं, चहाची दुकानं, चक-चक मिठाईचे डबे, पर्यटकांची झुंबड. मला फार आवडते ती गल्ली. पण ती मुळात शहरातून हाकललेल्यांची वस्ती आहे, हे त्या डब्यांवर लिहिलेलं नसतं.

मग पीटर. त्याला आपण आधुनिक रशियाचा शिल्पकार म्हणून शिकलो. त्याने १७१३ मध्ये हुकूम काढला : ज्या मुसलमान जमीनदारांच्या जमिनीवर ख्रिस्ती कुळं आहेत त्यांनी सहा महिन्यांत बाप्तिस्मा घ्यावा, नाही तर कुळं आणि जमिनी सरकारजमा. हीसुद्धा निवडच. कित्येक मिर्झांनी, म्हणजे या तातार जमीनदारांनी, दुसरी चौकट निवडली आणि साधे शेतकरी होऊन बसले. पुढे १७१८ पासून तातारांना आरमारासाठी ओक तोडायच्या वेठीला जुंपलं. त्यानंतर १७४० च्या दशकात तर कमालच झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला काही वर्षं कर माफ, सैन्यभरती माफ. आणि त्याचा माफ झालेला कर कुणी भरायचा? त्याच गावातल्या बाप्तिस्मा न घेतलेल्या शेजाऱ्याने. म्हणजे शेजारी जितके फुटतील तितका तुमचा बोजा वाढणार. कुणाच्या मानेवर तलवार ठेवायची गरजच नाही. त्याच काळात काझान प्रांतातल्या ५३६ मशिदींपैकी ४१८ पाडल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी. तिथे अर्जबिर्ज नव्हता.

कॅथरीन राणीने हे थांबवलं. ती १७६७ मध्ये काझानला आली आणि दगडी मशिदी बांधायला परवानगी मिळाली. आजची मार्जानी मशीद त्यातलीच, मी तिच्यासमोरून रोज बसने जाते. असं सांगतात की मिनार फार उंच चाललाय अशी तक्रार अधिकाऱ्यांनी राणीकडे केली, तेव्हा ती म्हणाली, जमिनीवरची जागा मी नेमून दिली आहे, आकाश काही माझ्या ताब्यात नाही. गोष्ट आहे, पण तातार लोक ती इतक्या प्रेमाने सांगतात की खरी असावी असं वाटतं. तिला इथे 'आजी-राणी' म्हणतात. तिचाही हिशेब होताच. १७८८ मध्ये तिने मुसलमानांची सरकारमान्य धर्मसंस्था काढली, म्हणजे मुल्ला कोण व्हायचं हे सरकार ठरवणार. आणि कझाखांच्या माळावर रशियाचा व्यापार आणि वचक पोहोचवायला तातार व्यापारी, तातार दुभाषे, तातार मुल्ला पाठवले. चिरडायला निघाले होते त्यांनाच कामाला लावलं. तातारांनीही त्यातून बक्कळ पैसा केला, ती तळ्याकाठची सुंदर घरं काही रडून बांधलेली नाहीत. एवढं मी त्यांच्या बाजूने लिहितेय म्हणून हेही लिहायला हवं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते काझानच्या क्रेमलिनमधल्या, म्हणजे इथल्या जुन्या किल्ल्यातल्या, गाइडचं पाठ केलेलं वाक्य. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना क्रेमलिन दाखवायला नेते, त्यामुळे ते मला आता तोंडपाठ आहे. एका बाजूला कुल शरीफ मशीद, निळ्या घुमटांची, देखणी. दुसऱ्या बाजूला चर्च. मध्ये उभं राहून गाइड दोन्ही हात पसरतो आणि म्हणतो की काझानमध्ये दोन धर्म शतकानुशतकं मैत्रीने नांदताहेत. अहो, चर्च १५६२ चं आहे आणि मशीद २००५ ची! मधल्या साडेचारशे वर्षांचं काय? ज्या कुल शरीफचं नाव मशिदीला आहे तो इमाम १५५२ मध्ये शहर वाचवताना शिष्यांसह मारला गेला. हे विचारलं तर सांगतात, लपवत नाहीत. पण विचारावं लागतं. नदीवरच्या पुलावरून जाताना पाण्यात उभा असलेला पिरॅमिड दिसतो, ते १८२३ चं स्मारक, काझान घेताना पडलेल्या रशियन सैनिकांचं. तट राखताना पडले त्यांचंही एखादं स्मारक असावं, ही मागणी जुनी आहे. दर ऑक्टोबरात त्यांच्या आठवणीचा दिवस पाळायची प्रथा सोव्हिएत राज्याच्या शेवटी सुरू झाली, मोर्चे निघायचे. अलीकडे परवानगी मिळत नाही, आणि ते भरवणारी मुख्य संघटना २०२२ मध्ये अतिरेकी ठरवून बरखास्त केली गेली. काळ्या दिवसाच्या फेरीला परवानगी मिळते का, याची दर वर्षी वाट बघणाऱ्या बेळगावकरांना यावर वेगळं काही सांगायला नको.

पण नुसती तक्रार करायची तर तेही खरं होणार नाही. काझानच्या मेट्रोत घोषणा तीन भाषांत होतात आणि त्यात तातार असते. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत. काबान तळ्याकाठी तातार नाटकाच्या गालियास्कार कमाल थिएटरची नवी इमारत उभी राहिली आहे, ती बघून माझे डोळे दिपले. नाटक तातारमध्ये, कानाला यंत्र लावलं की रशियन भाषांतर ऐकू येतं. मी प्रयोग पाहिला तेव्हा हॉल भरलेला, म्हाताऱ्या बायका ठेवणीतले कपडे घालून आलेल्या, मध्यंतरात लिपस्टिक नीट करणाऱ्या. कर्नाटक सरकारने बेळगावात मराठी नाटकासाठी असं काही बांधल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. सांस्कृतिक खात्यात या लोकांना काही कमी पडू दिलेलं नाही. नाच आहे, गाणं आहे, जूनमध्ये साबांतुय उत्सव आहे, घोड्यांच्या शर्यती आणि कुस्त्या आहेत. बस, भौतिकशास्त्र नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. इथे मोठ्या बाईला 'आपा' म्हणतात, मीही आपाच म्हणते. आमचं जमलं ते चहावर. रशियन लोक कोरा चहा पितात, तातार लोक दूध घालून. आल्या आल्या पहिल्या हिवाळ्यात आपांनी माझ्यापुढे दुधाचा गरम चहा ठेवला तेव्हा मला जे वाटलं ते सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. सोबत एचपोचमाक, तिकोनी पाव, आत मटण-बटाटा-कांदा. वरच्या टोकाला भोक असतं, त्यातून भाजताना चमच्याने रस्सा सोडायचा. मी त्यांना बेळगावचा कुंदा नेऊन दिला. त्यांनी वास घेतला, बोटाने चाखला आणि डबा मुलांच्या हाती लागू नये म्हणून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून आम्ही नातेवाईक.

आपांच्या भिंतीवरच्या कपाटात एक वही आहे. त्यांच्या आजीची, अरबी लिपीत. आपांना ती वाचता येत नाही. आईलाही नीट येत नव्हती, कारण १९२७ मध्ये सरकारने तातारसाठी लॅटिन लिपी आणली आणि आई शाळेत ती शिकली. १९३९ मध्ये पुन्हा हुकूम, आता सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. आपा सिरिलिक शिकल्या. तीन पिढ्या, तीन लिप्या, एकच भाषा. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, तेही कुणाला वाचता येत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. पण आमची मोडी हळूहळू मागे पडली, कुणी बारा वर्षांत दोनदा फर्मान काढून घराघरातून उपटली नव्हती. क्रेमलिनच्या दारात मूसा जलील या तातार कवीचा मोठा पुतळा आहे, काटेरी तारा तोडणारा. जर्मनांनी त्याला पकडून ऑगस्ट १९४४ मध्ये बर्लिनमध्ये मारलं. तुरुंगातून त्याच्या कवितांच्या दोन वह्या बाहेर आल्या. एक अरबी लिपीत, एक लॅटिनमध्ये. तोपर्यंत काझानमध्ये दोन्ही लिप्या बाद झाल्या होत्या. १९९९ मध्ये तातारस्तानने पुन्हा लॅटिनकडे जायचं ठरवलं तर मॉस्कोने २००२ मध्ये कायदा केला की संघराज्यातल्या सगळ्या राज्यभाषा सिरिलिकमध्येच लिहाव्यात. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं, २००४ मध्ये तातारस्तान हरलं. लिपी ऐच्छिक नाही, ती सक्तीचीच. ऐच्छिक फक्त भाषा.

आपा शिक्षिका होत्या. नव्वदच्या दशकाबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून वर जातो. ऑगस्ट १९९० मध्ये रशियाचे तेव्हाचे नेते येल्त्सिन काझानला येऊन म्हणाले होते की झेपेल तेवढी सार्वभौमता घ्या. तातारांनी ते मनावर घेतलं. मार्च १९९२ च्या सार्वमतात ६१ टक्क्यांवर मतं सार्वभौम तातारस्तानच्या बाजूने पडली. १९९४ मध्ये मॉस्कोशी करार झाला, दोन समान पक्षांनी करावा तसा. तेव्हा शाळाशाळांतून तातारचे वर्ग सुरू झाले, आपांनी स्वतः कित्येक वर्ग चालवले. त्याच्या जागी २००७ मध्ये दहा वर्षांचा दुसरा करार आला, तो २०१७ च्या उन्हाळ्यात संपला, पुढे नवा झाला नाही, आणि त्याच उन्हाळ्यात ती योश्कार-ओलाची बैठक. २०२३ मध्ये इथल्या राष्ट्राध्यक्षांचं पदनामही गेलं, आता त्यांना 'रईस' म्हणायचं. मी आपांना म्हटलं, रईस तर आमच्याकडे श्रीमंताला म्हणतात. त्या म्हणाल्या, मग बरोबरच आहे.

आपांचा नातू माझ्या लेकीच्या वर्गात आहे. त्याच्या अर्जावरही खूण रशियनच्याच चौकटीत. मुलाने-सुनेने विचारलंही नाही. आजी तातारमध्ये विचारते, जेवलास का? नातू रशियनमध्ये सांगतो, नंतर. असं दिवसभर चालतं. आपा म्हणाल्या, "आता पूर्ण वाक्यं फक्त मांजराशी बोलते. ते तरी मध्ये भाषा बदलत नाही." सुनेवर त्यांचा राग नाही. सून बँकेत आहे, संध्याकाळी थकून येते, पोराला गणितात चाळीस टक्के पडतात, तिने दोन तास कशावर घालवायचे? मी सुनेशी बोलले तर ती जवळजवळ माझीच वाक्यं बोलली, फक्त परत जायचं सोडून. तिला परत जायला दुसरं गाव नाही. ती गावातच आहे.

२०१० च्या जनगणनेत रशियात तातार येते असं सांगणारे सुमारे ४३ लाख होते. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३३ लाख. दहा लाख माणसं मेली नाहीत, परागंदा झाली नाहीत. शेजारच्या उद्मुर्तिया प्रजासत्ताकात तर सप्टेंबर २०१९ मध्ये अल्बेर्त राझिन नावाच्या ७९ वर्षांच्या अभ्यासकाने इझेव्स्कला विधिमंडळासमोर स्वतःला पेटवून घेतलं. उद्मुर्त भाषेसाठी. हातात फलक होता, त्यावर विचारलं होतं की मला मातृभूमी आहे का. हे आपांनी मला सांगितलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं, सवयीने. आजकाल इथे कशाकशावर बोलत नाहीत ते मीही इथे लिहीत नाही, समजून घ्या.

मी लगेच आपलं दुकान मांडलं. पर्समध्ये शंभराची एक नोट ठेवलेली असते, ती काढून आपांना मागची बाजू दाखवली. एवढ्या सगळ्या भाषा एका नोटेवर! त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ मोजली. मराठीची ओळ मी बोट ठेवून दाखवली. सांगितलं की आमच्याकडे डॉक्टर व्हायची प्रवेश परीक्षा तेरा भाषांत देता येते, मराठीतसुद्धा. सांगितलं की महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा आदेश निघाला आणि लोक असे उठले की जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. आपा ऐकतच राहिल्या. "मागे घेतला? सरकारने?" खरं सांगते, त्या क्षणी छाती फुगली. इथल्या मंडळींना 'आदेश मागे घेतला' हे वाक्य परीकथेसारखं वाटतं. आपल्याकडे भांडता येतं, आरडाओरडा करता येतो, कोर्टात जाता येतं. आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण पडून तरी आहे.

गोंडीबद्दल बोलले नाही. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख, म्हणजे तातारच्याच आसपास. नोटेवर नाही, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत नाही. गडचिरोलीतल्या मोहगावात ग्रामसभांनी स्वतःची गोंडी शाळा काढली तर ती अनधिकृत ठरवली गेली, आणि ती ठरवणारं सरकार आपलं, मराठी. पण त्या दिवशी विषय तसा निघाला नाही. आणि परक्या स्वयंपाकघरात बसून आपल्या घरचं काय काय काढायचं, याला काही मर्यादा असतेच की.

आता कामाचं. पुण्याची एक मैत्रीण नवऱ्याच्या बदलीवर काझानला यायचं म्हणतेय, सोबत दोन मुलं, एक पहिलीत जाईल, एक पाचवीत. तिने शाळेबद्दल विचारलं म्हणून तिला लिहिलं तेच इथे देते, आणखी कुणाला उपयोगी पडेल. आमच्या वेळी परदेशी मुलांना शाळेत सरळ घेत होते. आता एप्रिल २०२५ पासून नियम बदललाय : परदेशी मुलाला आधी रशियनची चाचणी द्यावी लागते, पास झालं तरच प्रवेश. पहिलीत जाणाऱ्याची फक्त तोंडी, मोठ्यांची लेखीही. त्याआधी कागदपत्रांची छाननी, आणि बरेच जण तिथेच अडकतात. आमच्या इमारतीत एक उझबेक कुटुंब आहे, बाप बांधकामावर. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा चाचणीत नापास झाला, सध्या घरी धाकट्या बहिणीला सांभाळतो. पुन्हा बसता येतं, पण मध्ये काही महिने थांबावं लागतं. तेव्हा सगळ्या कागदांची रशियन भाषांतरं नोटरी करून आणा, आणि मुलांची रशियन शिकवणी आजच सुरू करा, तिकीट काढायच्या आधी. ऑनलाइन चालेल, पण समोर बोलणारं माणूस हवं, अ‍ॅप नको. पाचवीतल्याला जास्त लागेल.

मैत्रिणीचं उत्तर लगेच आलं. विचारतेय, ते सगळं ठीक आहे गं, पण तिकडच्या शाळेत इंग्लिश कितवीपासून आहे?